पोस्टमन, पाटकरी आणि आमचे दाजी

दिंडोरीत 'सर' व्हायला फारसं काही लागत नाही. कृषी सेवा केंद्राच्या वरचा एखादा गाळा, सहा संगणक, त्यांतले चार चालू, आणि जिन्याच्या तोंडाशी फ्लेक्स. फ्लेक्सवर हाताची घडी घातलेला आपला फोटो, मागे पृथ्वीचा गोल आणि त्याभोवती घिरट्या घालणाऱ्या निळ्या रेषा. एवढं जमलं की माणूस सर होतो आणि मरेपर्यंत सरच राहतो. पुढे क्लास मोडून त्याच गाळ्यात मोबाईल कव्हरचं दुकान आलं, तरी लोक 'सर, एक टफन ग्लास बसवून द्या' असंच म्हणतात.

पण सर्टिफाइड इन्स्ट्रक्टर! आणि तोही नेटवर्किंगचा! हे प्रकरण तालुक्याला नवीन होतं. आमच्या दाजींनी ते मनावर घेतलं.

दाजी म्हणजे ताईचे यजमान. मूळचे द्राक्षवाले. वाघाड धरणाच्या उजव्या कालव्यावर अडीच एकर थॉमसन. सकाळी फवारणी उरकायची, अंगावरचा औषधाचा वास साबणाने जाईल तेवढा घालवायचा आणि अकराला क्लास उघडायचा, असा त्यांचा दिनक्रम. गावातले क्लास पिकांसारखे बदलत गेले. आधी टायपिंग होतं, अख्खी गल्ली टकटकायची. मग २००१ मध्ये एमकेसीएल निघालं, मागोमाग एमएससीआयटी आली, आणि नोकरीला ती लागते म्हटल्यावर पन्नाशीतले ग्रामसेवक माउस हवेत धरून 'बाण हलत नाही' म्हणून तक्रार करू लागले. दाजींनी त्यांचा माउस टेबलावर आणला. एवढ्या कामगिरीवर दुसरा कोणीही समाधानी राहिला असता.

पण दाजींची नजर लांब. मोहाडीला सह्याद्री फार्म्सचा पसारा, तळेगाव-अक्राळ्याला एमआयडीसी, रस्त्याच्या कडेला वायनऱ्या, प्रत्येक पॅकहाउसला कॅमेरे, बागेबागेत हवामान केंद्राचे खांब. या सगळ्याला तारा लागतात. तारा ओढायला पोरगं लागतं. त्या पोराला शिकवणारा लागतो. आणि शिकवणाऱ्याला शिकवता येतं की नाही हे सांगणारा कागद लागतो. हा शेवटचा मुद्दा दाजींना झोपू देईना.

त्यांनी चौकशी केली ती सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीची. सिस्को ही राउटरवाली कंपनी १९८४ मध्ये लेनर्ड बोसॅक आणि सँडी लर्नर या स्टॅनफर्डमधल्या नवरा-बायकोने काढली. ताईला या माहितीत फार रस वाटला. 'दोघं मिळून?' असं विचारून तिने दाजींकडे जे पाहिलं, त्यावरून त्या दिवशी क्लासचा हिशेब कोण लिहितं हा विषय निघणार होता, तो थोडक्यात टळला. अकॅडमी आली १९९७ मध्ये. तिची कथा अशी, की शाळांमधून संगणकांची जाळी बसवली गेली, पण ती सांभाळायला माणूस मिळेना. तेव्हा जॉर्ज वॉर्ड नावाच्या इंजिनिअरने तिथल्या शिक्षकांना आणि पोरांनाच ते काम शिकवायला घेतलं. आपल्याकडे अशा वेळी संगणकाला कव्हर शिवतात. तिकडे त्यांनी अभ्यासक्रम काढला.

आता इन्स्ट्रक्टर व्हायची रीत ऐका. एकट्यादुकट्याला होता येत नाही. आधी तुमची संस्था अकॅडमी व्हावी लागते. संस्थेला कोर्स चालवायचा तर तिच्याकडे प्रशिक्षित इन्स्ट्रक्टर हवा. आणि इन्स्ट्रक्टर व्हायचं तर पाठीशी संस्था हवी. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, ही म्हण ज्याने काढली त्याने असा एखादा फॉर्म नक्की भरलेला असणार. यातून वाट असते, नाही असं नाही: संस्था नोंदणी करते, आपला माणूस सुचवते, आणि त्याला इन्स्ट्रक्टर घडवणाऱ्या केंद्राकडे पाठवते. दाजींनी तालुक्यातलं एक महाविद्यालय गाठलं, तिथल्या प्राचार्यांना सगळं समजावलं. प्राचार्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, 'अनुदान आहे का?' नाही म्हटल्यावर विचारलं, 'खर्च आहे का?' तोही फारसा नाही म्हटल्यावर मात्र ते संशयाने बघायला लागले. ज्यात अनुदान नाही आणि खर्चही नाही अशी योजना त्यांनी नोकरीच्या कारकिर्दीत पाहिली नव्हती.

सही झाली. त्यानंतर कळलं की एक कोर्स पास झाला म्हणजे सगळे शिकवता येतात असं नाही. सीसीएनए या सिस्कोच्या मुख्य कोर्सचे तीन भाग आहेत आणि जो भाग शिकवायचा त्याचं प्रशिक्षण आपण स्वतः घेतलेलं असलं पाहिजे. हा नियम मला तरी फार क्रांतिकारक वाटला. आपल्याकडे तो सरसकट लागू केला, तर दुसऱ्या दिवशी निम्म्या शाळांना सुट्टी द्यावी लागेल.

प्रशिक्षणाची पद्धतही जुनी आणि पक्की. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत जहाजं बांधायला माणसं कमी पडली. तेव्हा चार्ल्स अ‍ॅलन नावाच्या गृहस्थाने कारागिरांना शिकवायला शिकवलं आणि १९१९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. शिकवण्याच्या पायऱ्या चार: तयारी, सादरीकरण, उपयोजन, चाचणी. आपल्या आयटीआयच्या निदेशकांना अजूनही याच चार पायऱ्या घोटवतात. दाजींनी ओळखीच्या एका निदेशकाची वही आणली आणि पाठ टाचण काढायला बसले. पहिल्या पायरीत लिहायचं असतं, विद्यार्थ्याला आधीपासून काय ठाऊक आहे. दाजींनी पेन चावत बराच वेळ घालवला आणि लिहिलं: 'वायफायचा पासवर्ड.'

मग आला पोस्टमन.

नेटवर्किंग शिकवणाऱ्या प्रत्येक माणसाकडे एक पोस्टमन असतो. पॅकेट म्हणजे पत्र, आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे पत्ता, राउटर म्हणजे टपाल कचेरी. मुंबईपासून मोहाडीपर्यंत कुठल्याही क्लासात बसा, पहिल्या दिवशी तो खाकी कपड्यांत सायकलवरून येतोच. अडचण एवढीच, की समोर बसलेल्या पोरांनी आयुष्यात पत्र पाहिलेलं नसतं. दाजींनी सरावाच्या पहिल्या तासाला विचारलं, 'पत्र टाकल्यावर पोस्टमन काय करतो?' मागून उत्तर आलं, 'ओटीपी मागतो.'

तेव्हा पोस्टमन निवृत्त झाला आणि त्याच्या जागी पाटकरी, म्हणजे कालव्याचं पाणी सोडणारा माणूस, आला. हा बदल दाजींनी ठरवून केला नाही, पोरांनी करायला लावला. प्रसंग होता सबनेटिंगचा. सबनेटिंग म्हणजे पत्त्यांची वाटणी. एका साध्या जाळ्यात २५६ पत्ते, पण वापरायला मिळतात २५४. पहिला पत्ता जाळ्याच्या नावाला, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायला. दाजींनी फळ्यावर १९२.१६८.१.० लिहिलं, त्याचे दोन भाग केले. प्रत्येकात १२६. चार केले, प्रत्येकात ६२. एवढ्यात पालखेडकडचं एक पोरगं बोटांवर हिशेब करून उभं राहिलं.

'सर, बासष्ट चोक दोनशे अठ्ठेचाळीस. वरचे आठ कुठं गेले?'

'गेले वाटणीत. प्रत्येक भागाचे दोन.'

'म्हंजी वहनव्यय.'

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. धरणातून सोडलेलं पाणी सगळंच्या सगळं शेतात पोचत नाही. काही मुरतं, काही उडून जातं, काही फुटक्या चारीतून भलत्याच्या उसात शिरतं. या तुटीला पाटबंधाऱ्याच्या भाषेत वहनव्यय म्हणतात, आणि हा शब्द दिंडोरीतल्या पोराला बाराखडीच्या आसपास कुठेतरी येतो. दाजींनी खडू खाली ठेवला. पोरं आता थांबायला तयार नव्हती. आठ भाग केले तर? ३० प्रमाणे २४०. सोळा? १४ प्रमाणे २२४. बत्तीस? १९२. चौसष्ट भाग केले तेव्हा प्रत्येकाच्या हाती आले दोन, एकूण १२८, आणि निम्मे पत्ते वाटणीतच खलास. वर्गात शांतता पसरली. शेवटच्या बाकावरचा एकजण, ज्याने महिनाभर तोंड उघडलं नव्हतं, तो म्हणाला, 'आमच्या आजोबांच्या जमिनीचं सेम झालं.'

इथून पुढे गाडी सुसाट सुटली. बॅकबोन म्हणजे मुख्य कालवा, स्विच म्हणजे चारी, पोर्ट म्हणजे गेट. राउटर म्हणजे पाटकरी: कुठलं पाणी कुठल्या चारीला सोडायचं हे त्याच्या वहीत लिहिलेलं. वहीत नाव नसेल तर? पाणी नाही. राउटरच्या तक्त्यात मार्ग नसेल तर? पॅकेट फेकून देतो. आणि रांग भरली की मागून येईल ते पॅकेट सरळ टाकून द्यायचं, ही राउटरची सर्वांत सोपी रीत. ती ऐकून ओझरच्या बाजूची दोन पोरं पेटलीच. कारण टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाणी न मिळणं म्हणजे काय, हे त्यांच्या घरात तीन पिढ्या बोललं जातंय. वाघाडच्या टेलला पाणी पोचेना, म्हणून तर १९९१ मध्ये बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने ओझरच्या शेतकऱ्यांना जमवून तीन पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घ्यायचं, मोजून वाटायचं, पट्टी आपण गोळा करायची. पुढे चाऱ्या-चाऱ्यांवर संस्था झाल्या आणि अख्ख्या वाघाड प्रकल्पाचा कारभार शेतकऱ्यांच्याच हाती आला. देशभरातून माणसं बघायला येतात. 'तर मग,' पोरांचं म्हणणं, 'राउटरवालेच एवढी वर्षं काय झोपले होते?' दाजींनी त्यांना कोटा, प्राधान्य, पाळी यांवरचा धडा त्याच दिवशी शिकवून टाकला. अभ्यासक्रमात तो पार तिसऱ्या भागात आहे.

मला विचाराल तर दाजी इन्स्ट्रक्टर झाले ते त्या दुपारी. कागद यायला अजून वेळ होता.

कारण केंद्राच्या माणसांपुढे शिकवून दाखवायचं बाकी होतं. ऑनलाइन. पलीकडे तपासणारे तिघं, भाषा इंग्रजी, विषय राउटर कसा चालतो. दाजींनी पोस्टमनची तयारी केली होती, ताईने इस्त्रीचा शर्टही काढून दिला होता. पण बोलता बोलता रंगात आले आणि सवयीने पाटकरी घुसला. तपासणाऱ्यांपैकी एकाने चष्मा सावरत, अत्यंत गंभीरपणे विचारलं, 'इज पाटकरी अ लेयर थ्री डिव्हाइस?'

'येस सर,' दाजी म्हणाले, 'बट आफ्टर लंच ही इज नॉट रीचेबल.'

पास केलं. शेऱ्यात लिहिलं होतं की उदाहरणं स्थानिक आहेत. ही तक्रार होती की कौतुक, यावर घरी अजून दोन मतं आहेत.

एक गोष्ट मात्र दाजींनी पुस्तकाबरहुकूम शिकवली: तार. निळी केबल सोलायची, आतल्या पिळलेल्या चार जोड्या सुट्या करायच्या, आठ तारा अंगठ्याने चेपून सपाट करायच्या आणि क्रम लावायचा. पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याची जोडी फोडून मध्ये निळी का घालतात, हे विचारायचं नाही, पाठ करायचं. मग आठांची टोकं एका रेषेत कापायची, पारदर्शक कनेक्टरमध्ये सरकवायची, टोकाला तांब्याचे आठ ठिपके दिसले की पक्कड दाबायची. शहरातून आलेले पाहुणे इंजिनिअर या कामात घामाघूम होतात. आमच्या पोरांना चिमटीत बारीक काम धरायची सवय बागेतल्या विरळणीची. घडातले नको ते मणी कात्रीने काढणारा हात तार सोलताना आतलं तांबं दुखावत नाही. वर्गातली सगळ्यांत चांगली तार एका मुलीने बांधली. टेस्टरवर एकापासून आठपर्यंत दिवे ओळीने लागत गेले आणि तिने ती पर्समध्ये घालून घरी नेली. आईला दाखवायला. दाजींचा तारेच्या बाबतीतला दंडक एकच: काहीही बंद पडलं तरी पहिला प्रश्न, 'लिंक लाइट लागतोय का?' वरचे सहा थर नंतर, आधी दिवा बघा.

थरांचंही सांगायला हवं. जाळ्याचे सात थर मानायचे हे १९८४ मध्ये जागतिक मानक म्हणून ठरलं. प्रत्यक्षात इंटरनेटने त्याआधीच, १ जानेवारी १९८३ ला, टीसीपी/आयपीची वाट धरली होती आणि त्यात थर चारच. पण परीक्षेला सातही लागतात. दिंडोरीत कुणाला याचं नवल वाटलं नाही. कागदावर सात आणि जागेवर चार ही मोजणी आपल्याकडे रूढ आहे.

आता परीक्षा. अकॅडमीच्या इन्स्ट्रक्टरला सीसीएनएची जागतिक परीक्षा सक्तीची नाही. पण पोरांना ज्या परीक्षेला बसवायचं तिला आपण बसलो नाही तर तोंड कसं दाखवायचं, हा दाजींचा बाणा. १९९८ पासून चालत आलेली ही परीक्षा हल्ली १२० मिनिटांची असते. एकदा पुढच्या प्रश्नावर गेलं की मागे यायची सोय नाही. आणि ती घरी बसूनही देता येते, यातच सगळं आलं. घरी म्हणजे मळ्यात.

नियम असे. खोलीत एकटं बसायचं. चारही बाजूंचे फोटो पाठवायचे. टेबलावर काही नको. भिंतीवरचं कालनिर्णय काढलं, त्यामागे द्राक्षाच्या औषधांचा जुना तक्ता निघाला, तोही काढला, मग भिंतीचा पोपडा दिसायला लागला. तो काढता आला नाही. कॅमेऱ्यातून एकजण सतत पाहत असतो. दाराआड आवाज नको, नजर इकडेतिकडे नको, आणि प्रश्न वाचताना ओठसुद्धा हलवायचे नाहीत. ज्या माणसाने पोथीपासून वीजबिलापर्यंत सगळं पुटपुटत वाचलं, त्याला ओठ मिटून वाचायला सांगणं म्हणजे डोळे मिटून वाचायला सांगण्यातलाच प्रकार. दिवसा ट्रॅक्टर, ब्लोअर, भाजीचा टेम्पो. म्हणून दाजींनी रात्रीची वेळ घेतली. ताई कुत्रं गावात ठेवून आली. आबांनी, म्हणजे दाजींच्या वडिलांनी, मोटर चालू करणार नाही असं वचन दिलं. इन्व्हर्टर भरलेला. सगळा बंदोबस्त चोख.

निम्मा पेपर झाला आणि शेजारच्या मळ्यात बिबट्या आला.

आमच्याकडे बिबट्या आला की डबे वाजतात, आरोळ्या उठतात आणि फटाके फुटतात. कॅमेऱ्यामागच्या माणसाने पडद्यावर विचारणा केली, हा कसला आवाज? दाजींनी टाइप केलं: बिबट्या. बराच वेळ काही नाही. मग प्रश्न आला, बिबट्या खोलीत आहे का? दाजींनी उत्तर दिलं, नाही, शेजारच्या टोमॅटोत आहे. पलीकडचा माणूस विचारात पडला असावा. परीक्षेच्या खोलीत दुसरी व्यक्ती नको, असा नियम आहे. शेजारच्या टोमॅटोतल्या बिबट्याबद्दल नियमात काही नाही. शेवटी सूचना आली, पेपर चालू ठेवा. दाजींनी उरलेले प्रश्न फटाक्यांच्या तालावर सोडवले. ओठ मात्र हलू दिले नाहीत.

पास झाले. कितीला पास, हे कंपनी आधी सांगत नाही. त्यामुळे आबांना 'किती टक्के पडले?' या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, आणि काठावरच सुटला असणार अशी त्यांनी समजूत करून घेतली.

प्रमाणपत्रही ऑनलाइनच आलं. ताईने ते रंगीत छापून फ्रेम करून आणलं. आबांनी ते उजेडात धरून, मागून-पुढून पाहिलं.

'शिक्का कुठंय?'

'शिक्का नसतो आबा. हा चौकोन आहे ना, तो मोबाईलने स्कॅन करायचा.'

'आणि मोबाईल नसला तर?'

'मग हे सर्टिफिकेट कशाला लागेल?'

आबांना हे पटलं नाही. शिवाय मुदत तीन वर्षांची आहे हे वाचल्यावर त्यांनी फ्रेमचे पैसे वाया गेले असं जाहीर केलं. पण मनातून ते खूश असावेत, कारण तीच फ्रेम पिशवीत घालून ते पाणीवापर संस्थेच्या बैठकीला गेले. तिथे ती हातोहात फिरली. क्लासातल्या पोरांचे बाप, चुलते सगळे तिथे होतेच, आणि सर चारीवर, गेटवर, पाळीवर किती बारकाईने शिकवतात हे त्यांनी घरी ऐकलेलं होतं. पाणीवाटपाचं थेट अमेरिकेचं सर्टिफिकेट असलेला माणूस गावात असताना दुसऱ्या कुणाला सचिव करायचं? सूचक उभे राहिले, अनुमोदक उभे राहिले. दाजी त्या वेळी क्लासात स्विचचं कॉन्फिगरेशन शिकवत होते. निवड बिनविरोध झाली.

परवा रात्री दोनला फोन वाजला. टेलच्या एका शेतकऱ्याच्या पाळीला पाणीच आलं नव्हतं. दिवसभर दोन बॅच घेऊन गाढ झोपलेल्या दाजींनी फोन कानाला लावला आणि डोळे न उघडताच विचारलं, 'लाइट लागतोय का?'

'लाइट हाये सर,' पलीकडून उत्तर आलं, 'पाणी नाही.'